वही कुणाकडे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बागकामाचा छोटा धंदा आहे, हजेरीवर अकरा माणसं आणि शिवाय मुकादमाने आणलेली सहा. एका मोठ्या कंपनीच्या आवाराची बाग देखभालीला मिळतेय. कंपनीचं मुख्य ऑफिस लंडनला. त्यांच्या फॉर्मात एक रकाना आहे: ‘तुमच्या व्यवसायात आणि पुरवठादारांकडे आधुनिक गुलामगिरी होऊ नये म्हणून काय करता?’ तुम्ही म्हणता, आमच्याकडे कुठले आलेत गुलाम, पण काहीतरी लिहावं तर लागणार, नमुना असेल तर द्या. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य: मुकादमाला एक लाख चाळीस हजार उचल दिलीय, त्याच्या सहा जणांतली दोन पोरं दिवाळीला गावी गेली की परत येणार नाहीत असा संशय आहे, म्हणून मुकादमाने त्यांची आधार कार्डं ठेवून घेतलीत; हे फॉर्मात दाखवावं लागेल का?

नमुना पुढे देते. आधी कार्डांचं बोलू, कारण तुमच्या रकान्याचं उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे. माणसाने सोडून जाऊ नये म्हणून त्याची कागदपत्रं अडकवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची जी 11 लक्षणं सांगितली आहेत त्यांतलं एक. उचलीत माणूस बांधून घेणं हे दुसरं. म्हणजे ‘कुठले आलेत गुलाम’ म्हणता म्हणता दोन लक्षणं तुमच्या दारात उभी आहेत. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. ही रीत आपल्या धंद्यात इतकी मुरलीय की ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, एवढंच. कार्डं आज संध्याकाळी परत द्यायला लावा, तुमच्यासमोर, ज्याची त्याच्या हातात. गेटवर पडताळणीला मूळ कार्ड लागतं, अशी सबब मुकादम सांगेल. दाखवायला लागतं, ठेवून घ्यायला नाही. झेरॉक्स काढून ठेवा आणि विषय संपवा.

मी 2001 पासून या धंद्यात आहे. सुरुवात दोन माळी आणि भाड्याच्या एका लॉनमोअरवर केली. आज चौतीस माणसं आहेत, सोसायट्या, दोन शाळा आणि तीन कंपन्यांची आवारं. वकील नाही. कायद्याचं जेवढं रोज अंगावर येतं तेवढं शिकत गेले, आणि बरंचसं स्वतः चुकून शिकले.

‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्द इंग्रजी फॉर्मातून आल्यामुळे परका वाटतो. डोळ्यांसमोर साखळदंड येतात आणि आपण सुटल्यासारखं वाटतं. आपला शब्द घ्या: वेठबिगार. तो उच्चारला की आपल्याला बरोबर कळतं कशाबद्दल बोलणं चाललंय. ऊसतोडीचा कोयता आपण पाहिलाय, गुढीपाडव्याला ठरणारा सालगडी पाहिलाय, दिवाळीनंतर रायगड-ठाण्याच्या पाड्यांवरून बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबं पाहिलीत. यातला प्रत्येक जण वेठबिगार असतो असं नाही. पण वेठबिगारी होते ती याच वाटेने. फार मागे जायला नको: 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं पाचशे-हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला नेल्याचं उघडकीला आलं होतं.

घटनेचं कलम 23 वेठबिगारी बंद करतं आणि 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा तिची व्याख्या देतो. ती आपल्या कामाची आहे. उचलीच्या किंवा कर्जाच्या बदल्यात माणसाला फुकट किंवा नावापुरत्या मजुरीवर राबावं लागलं, किंवा दुसरीकडे काम करता येईना, किंवा हवं तिथे जाता येईना, किंवा आपले श्रम बाजारभावाने विकता येईनात, तर ती वेठबिगारी. यातलं एक असलं तरी पुरतं. मारहाण, कुलूप यांतलं काहीच लागत नाही. शिवाय 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम हीसुद्धा कलम 23 खालची सक्तीची मजुरीच. म्हणजे ‘तो स्वतःहून तयार झाला’ हे उत्तर चालत नाही. पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच.

रोजच्या कामात मात्र मी व्याख्या घेऊन फिरत नाही. एकच गोष्ट विचारते: हा माणूस उद्या सकाळी पिशवी उचलून निघाला तर त्याचं काय काय मागे राहील? मागच्या महिन्याचा पगार राहील का? आधार कार्ड, एटीएम कार्ड, फोन? बायको-पोरं त्याच मालकाच्या खोलीत आहेत का, आणि त्यांना कुणी अडवेल का? गावी त्याच्या बापाला मुकादम फोन करेल का? काहीच मागे राहणार नसेल, तर काम कितीही कष्टाचं असो, तो मोकळा माणूस आहे. कमी पगाराचं, उन्हातान्हाचं, कटकटीचं काम असेल तर ते सुधारायला हवं, पण तो वेगळा हिशोब. काहीतरी मागे राहणार असेल, तर तिथे बोट ठेवा.

आणि हे कागदावर दिसत नाही. 2016 च्या जुलैत एका आवारात लॉन घालायचं काम चालू होतं. ओडिशाकडची चौदा पोरं, मुकादमाने आणलेली. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगायचे की माझ्याकडे रोखीचा व्यवहार नाही, प्रत्येकाचा पगार त्याच्या खात्यात. एका पोराच्या तळपायात काच घुसली. दवाखान्यात निघताना त्याला म्हटलं, तुझं कार्ड घे बरोबर, लागलं तर. त्याने माझ्याकडे न बघता मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने मागच्या खिशातून रबरबँड लावलेला गठ्ठा काढला. चौदा एटीएम कार्डं. प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या पेनाने चार आकडे. बोटाला थुंकी लावून त्याने पत्ते पिसल्यासारखी ती चाळली, एक काढलं आणि म्हणाला, ‘जाऊन ये, आणि आल्याबरोबर आणून दे.’ माझ्यापासून लपवायचं असं काही आपण करतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या वर्षी कंपनीच्या ऑडिटमध्ये आमची कागदपत्रं पहिल्या फटक्यात पास झाली होती. हजेरीपट चोख, बँकेचं स्टेटमेंट चोख. पैसे खात्यात जात होते आणि महिन्याच्या आठ तारखेला मुकादम एका एटीएमपाशी उभा राहून चौदा वेळा पैसे काढत होता. त्यातून तो पोरांना आठवड्याची खर्ची द्यायचा आणि बाकीचं एका लाल वहीत मांडायचा. ती वही त्यांतल्या कुणी कधी वाचली नव्हती. दोघांना वाचता येत होतं, तरीही नाही.

त्यामुळे तुमच्या सहा जणांच्या बाबतीत पहिलं काम हे: वही कुणाकडे आहे ते बघा. त्यात प्रत्येकाच्या नावावर काय लिहिलंय ते त्याला माहीत आहे का ते बघा. मुकादम समोर असताना विचारू नका. काहीच कळणार नाही. मी जेवणाच्या सुट्टीत, एकेकट्याला, रोपं मोजायला म्हणून बाजूला घेते आणि सहज विचारते. तुझी किती उचल बाकी? किती फिटली? महिन्याला किती हातात येतं? ‘माहीत नाही, मुकादमाला माहीत’ हे उत्तर एकाकडून आलं तर पोरगा आळशी असेल. चौघांकडून आलं तर वही खोटी आहे. भाषेची अडचण असेल तर त्यांच्याच भागातला पण दुसऱ्या टोळीतला माणूस बरोबर घ्या. त्याच टोळीतला घेतलात तर तो संध्याकाळी सगळं मुकादमाच्या कानावर घालतो.

आता माझी चूक. पहिली आठ-नऊ वर्षं मी नवीन माळ्याचा एक महिन्याचा पगार मागे ठेवायचे. सगळेच ठेवायचे, अजूनही ठेवतात. कारण सांगायचे की माणूस न सांगता पळतो, मशीन घेऊन जातो, ऐन पावसाळ्यात अडचण होते. खरंच होते. पण याचा अर्थ असा होता की तो कधीही निघाला तरी एक महिन्याची मजुरी माझ्याकडे ओलीस. एका माळ्याची आई गावी वारली, तो रात्रीतून निघाला आणि परत आलाच नाही. त्याचे पैसे माझ्याकडे पडून राहिले. पत्ता शोधून मनीऑर्डर करायला मला सात महिने लागले, आणि त्यातले सहा महिने मी शोधलंच नव्हतं. तेव्हापासून पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत, पूर्ण. न सांगता पळतात का? हो, वर्षाला दोन-तीन. तो माझ्या धंद्याचा खर्च आहे, लॉनमोअरच्या पात्यासारखा.

उचल मात्र मी बंद केली नाही. इथे काही लोक माझ्याशी वाद घालतात. उचल म्हणजेच बंधन, ती मुळातून तोडा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. शाळा उघडते त्या जूनमध्ये, पेरणीच्या वेळी, किंवा घरात कुणी आजारी पडलं की माणसाला पैसे लागतातच. मी दिले नाहीत तर तो शेकडा पाच-दहा टक्के महिन्याच्या व्याजाने दुसरीकडून आणतो आणि मग खरोखर अडकतो. म्हणून देते, पण चार गोष्टी पक्क्या. एक महिन्याच्या पगारापेक्षा जास्त नाही. व्याज नाही. महिन्याला चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापत नाही. कायदा एकूण कपात निम्म्या पगारापर्यंत चालवून घेतो, पण निम्मा कापला तर माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा उचल मागणार हे ठरलेलं. आणि चौथी, जी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगते: उचल बाकी असताना गेलास तरी जाऊ शकतोस, मी मागे लागणार नाही. नोंद त्याच्याकडच्या छोट्या वहीत, माझ्या सहीने. कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर, बापाचा अंगठा, असलं काही नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुमची माणसं हडपसर-वाघोलीत स्वतःच्या खोल्यांत राहणारी, लातूर-नांदेड-यवतमाळकडची, बायका-पोरांसह स्थिरावलेली असतील तर धोका कमी. ती माणसं पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभी राहतात. परराज्यातली, पहिल्यांदाच आलेली, भाषा न येणारी, साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी असतील तर सगळी काळजी दुप्पट घ्या. पानशेत-मुळशीकडे फार्महाउसच्या बागा करत असाल तर तिथे राखणीला ठेवलेलं जोडपं असतं. पगार नवऱ्याचा, काम दोघांचं, आठवड्याची सुट्टी नाही, सर्वांत जवळचं गाव पाच किलोमीटरवर, आणि मालकाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी. ती माणसं तुमची नसतात, मालकाची असतात. पण तुमचे माळी तिथे आठवड्याला जातात, आणि त्या बाईशी महिन्यातून कुणी बोलत असेल तर तेच. माझ्या माळ्यांना मी सांगून ठेवलंय की तिथे काही खटकलं तर मला सांगा. मालक गिऱ्हाईक आहे म्हणून गप्प बसू नका.

मुकादमाबद्दल आणखी एक. ‘ती माझी माणसं नाहीत, मुकादमाची आहेत’ हे वाक्य मनातून काढून टाका. मुकादमाने मजुरी बुडवली तर कायदा वरच्याला सोडत नाही. वरचे तुम्ही, तुमच्या वर कंपनी. म्हणून तर त्यांनी फॉर्म पाठवलाय. मुकादम चोरच असतो असंही नाही. माणसं आणणं, त्यांना सांभाळणं हे काम आहे आणि त्याचा मोबदला त्याला मिळायला हवा. पण तो तुमच्याकडून, उघड, दरमाणशी ठरवून. पोरांच्या मजुरीतून कापून नव्हे.

आता पुरवठादार. इथे छोट्या धंदेवाल्याला घाम फुटतो, कारण आपण घेतो किती आणि आपलं ऐकणार कोण. सगळीकडे सारखं बघू नका, तेवढा वेळ कुणालाच नाही. मी मालाची यादी काढते आणि विचारते: हे बनवताना हाताचं काम किती, काम कुठल्या आडबाजूला होतं, आणि मजुरी नगावर आहे का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ आलं की तिथे बघायचं. खतांच्या पिशव्या, पाइप, स्प्रिंकलर यांत माझा वेळ जात नाही. उरुळी कांचनच्या नर्सऱ्या आपण येता-जाता बघतो, तिथली माणसं ओळखीची असतात. फक्त नर्सरीतच राहणारं परराज्यातलं जोडपं असेल तर वरचेच प्रश्न. आंध्रातल्या राजमुंद्रीहून, म्हणजे कडियमच्या नर्सऱ्यांतून, ट्रकने येणारा माल मी तिथे जाऊन बघितलेला नाही, आणि फॉर्मात तसंच लिहिते.

माझ्या यादीत वर दोनच वस्तू राहतात: विटा आणि दगड.

वाफ्यांच्या कडेला, झाडांच्या आळ्यांना आपण विटा लावतो. भट्टीवर कुटुंबाच्या कुटुंब दिवाळीनंतर येतं आणि पावसाच्या तोंडाशी जातं. उचल आधी घेतलेली, मजुरी हजार विटांवर, मध्ये आठवड्याच्या बाजाराला खर्ची, आणि हिशोब हंगामाच्या शेवटी. हिशोबात जे अंगावर निघतं ते पुढच्या वर्षावर. मजुरी जोडप्याची धरतात, म्हणजे बाईचं नाव कुठेच नाही, आणि नगावर काम म्हटलं की पोरांचे हात लागतातच. कच्च्या विटा वाळताना उलटायला पोरं सोयीची, त्यांचं वजन कमी असल्याने वीट मोडत नाही. एकदा माझ्या माळ्याने विटांच्या ढिगातून एक वीट आणून दाखवली, वरच्या अंगाला छोटं पाऊल उमटलेलं. त्यावरून काही सिद्ध होत नाही. कुटुंब भट्टीवरच राहतं, पोर ओल्या विटांवरून पळालं असेल. पण मला भट्टीवर जायला ते निमित्त पुरलं.

जाताना शनिवारी किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी जा, खर्ची वाटतात तेव्हा. पैसे कुणाच्या हातात पडतात, वही कुणासमोर उघडली जाते, ते दिसतं. शाळेच्या वेळेत पोरं कुठे आहेत ते दिसतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं 2016 च्या दुरुस्तीनंतर कुठल्याच धंद्यात चालत नाही. मालकाशी भाव करायच्या निमित्ताने बोला. मी सरळ विचारते: यंदा उचल किती गेली माणसांना? मागची किती फिरली? पाऊस लवकर आला तर काय करता? चांगला मालक यावर तासभर बोलतो, कारण त्यालाही तेच दुखणं असतं. ‘तुम्हाला विटा हव्यात ना?’ असं उलट विचारणारा असेल तर मी दुसरी भट्टी बघते. आणि भाव. आसपासच्या सगळ्या भट्ट्यांपेक्षा एकाचा हजार विटांचा दर फारच कमी असेल, तर माती, कोळसा, वाहतूक सगळ्यांना सारखीच पडते, हे आठवा. फरक मजुरीतूनच निघालेला असतो.

दगडाचं अवघड. शहाबादी, तांदूर, कोटा, आणि अलीकडे सोसायट्यांना हवा असतो तो राजस्थानचा सँडस्टोन. बुंदी जिल्ह्यातलं बुधपुरा हे गाव हाताने फोडलेल्या छोट्या चौकोनी दगडांसाठी ओळखलं जातं. हे दगड खाणीच्या टाकाऊ मालातून निघतात, घराच्या अंगणात बसून बाया-पोरं छिन्नी-हातोडीने घडवतात, मजुरी नगावर, आणि तिथेही पेशगी म्हणजे आपली उचलच. धुळीने फुप्फुसं जातात. सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी राजस्थान सरकारला 2019 मध्ये स्वतंत्र धोरण करावं लागलं. गंमत बघा, हा दगड युरोपातल्या, इंग्लंडमधल्या अंगणांत आणि बागांतही जातो. तुमचा फॉर्म आलाय तो त्या देशाच्या 2015 च्या कायद्यामुळे: 3 कोटी 60 लाख पौंडांच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी गुलामगिरी रोखण्यासाठी काय केलं ते जाहीर करावं लागतं, म्हणून त्या खालच्यांना विचारतात. तो कायदा तुम्हाला लागू नाही. तुम्हाला 1976 चा आपला कायदा लागू आहे, आणि त्याला उलाढालीची अट नाही.

खाणीपर्यंत मी पोचू शकत नाही. म्हणून दोन गोष्टी करते. व्यापाऱ्याकडून बिलावर खाणीचं नाव आणि गाव लिहून मागते. निम्मे देत नाहीत, उरलेल्यांकडून घेते. आणि हाताने फोडलेला दगड जिथे नुसता दिसायला बरा म्हणून मागितलाय तिथे गिऱ्हाइकाला यंत्राने कापलेली शहाबादी सुचवते. दर वेळी ऐकतात असं नाही.

आणि समजा काही सापडलंच तर? भट्टीवर उभं राहून मालकाशी भांडू नका, फोटो काढत फिरू नका. तुम्ही निघून जाता, रात्री ती माणसं तिथेच असतात. तारीख, जागा, साधारण किती माणसं, काय बघितलं, ते घरी येऊन लिहून काढा. वेठबिगारीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. लेखी कळवा, पोच घ्या. लहान मूल राबताना दिसलं तर 1098, जीव धोक्यात असेल तर 112. पालघर-रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना वर्षानुवर्षं हे काम करतात; त्यांना कळवलं तर कागद लवकर हलतो. सुटलेल्या माणसाच्या हातात मुक्तता प्रमाणपत्र पडलं पाहिजे. ते मिळालं की सरकारी योजनेतून 30,000 पर्यंत तातडीची मदत मिळते आणि वेठबिगारी सिद्ध झाल्यावर पुढचं पुनर्वसन, पुरुषाला 1 लाख, स्त्री-मुलांना 2 लाख, अतिशय गंभीर प्रकरणात 3 लाख. आणि जुनी उचल? कायद्याने ती संपलेली असते. ती वसूल करणं हाच गुन्हा.

पण प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीला हा मार्ग नाही. मालक वेळेवर हिशोब करत नाही, खोल्या वाईट आहेत, संडास नाही, इतकंच असेल तर मी लगेच माल बंद करत नाही. बंद केला तर तो दुसऱ्याला विकतो आणि तिथे जाणारं माणूसही मी गमावते. माझी एक भट्टी तीन वर्षांत सुधारली ती अशी: मी वर्षाच्या विटा आधी सांगते, निम्मे पैसे डिसेंबरात देते, आणि अट एकच, हिशोब महिन्याच्या महिन्याला, नवरा-बायको दोघांच्या नावावर. त्याला रोकड हवी होती, मला वही उघडी हवी होती.

आता तुमचा रकाना. इंटरनेटवरचं दहा पानी इंग्रजी धोरण उतरवून लावू नका. ते तुम्ही वाचणार नाही, तुमची माणसं तर नाहीच. पाऊण पान मराठीत लिहा, त्यांना हवं तर इंग्रजी जोडा, आणि पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. साधारण असं:

‘आमच्याकडे 17 माणसं काम करतात, त्यांतली 6 मुकादमामार्फत. सर्वांना किमान वेतन, दर महिन्याच्या 7 तारखेच्या आत, स्वतःच्या खात्यात. कुणाचीही मूळ कागदपत्रं किंवा बँक कार्ड आमच्याकडे किंवा मुकादमाकडे राहत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एकट्याला विचारून हे तपासतो. उचल एका महिन्याच्या पगाराच्या आत, बिनव्याजी. बाकी असली तरी माणूस काम सोडू शकतो. मालात विटा आणि दगड यांत धोका जास्त आहे असं आम्ही मानतो. विटांच्या भट्टीला या हंगामात भेट देणार आहोत. दगडाच्या खाणी आम्ही पाहिलेल्या नाहीत. या महिन्यात मुकादमाने दोघांची आधार कार्डं ठेवल्याचं आढळलं; ती त्याच दिवशी परत केली आणि मुकादमाशी लेखी अटी केल्या.’

शेवटचं वाक्य लिहायचं का, हाच तुमचा प्रश्न होता. लिहा. अर्थात ते खरं झाल्यावर. ‘आमच्याकडे असं काही नाही’ हे शेकडो फॉर्मांवर येतं आणि वाचणाऱ्याला त्याची किंमत माहीत असते. माझं असंच एक वाक्य वाचून एका कंपनीच्या बाईने मला फोन केला होता. काम काढून घेण्यासाठी नाही, बाकीच्या ठेकेदारांना कसं विचारावं हे विचारायला. सगळीकडे असंच होईल याची खात्री देत नाही.

आणि फॉर्म परत पाठवताना पत्रात त्यांनाही एक विचारा: बिल किती दिवसांत देणार? आमची गुलामगिरी तपासणाऱ्या काही कंपन्या नव्वद दिवसांनी पैसे देतात. तीन महिने पैसे अडकले की तुमच्यासारखा माणूस माळ्यांचा पगार पुढे ढकलतो, माळी उचल घेतो, आणि सगळं पुन्हा सुरू होतं. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्या. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी 45 दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, आणि उशीर झाला तर व्याज लागतं. दरही तपासा. चौरस फुटाचा जो दर तुम्ही भरताय त्यातून किमान वेतन, पीएफ, ईएसआयसी, बोनस, आठवड्याची सुट्टी निघते का? महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. दर वाढायची सोय करारात नसेल तर दुसऱ्या वर्षी तुम्ही कुणाच्या तरी मजुरीतूनच भागवणार. बसत नसेल तर काम सोडा. मी दोन सोडलीत, त्यातलं एक अजून जिवाला लागतं.

राहिले तुमचे एक लाख चाळीस हजार. ते पोरांच्या अंगावर नाहीत, मुकादमाच्या अंगावर आहेत. पैसे तुम्ही त्याला दिलेत. त्याला बसवून विचारा, सहा जणांना प्रत्येकी किती पोचले, आणि मग तेच त्या सहा जणांना वेगवेगळं विचारा. बेरीज जुळली तर मला आश्चर्य वाटेल. जेवढे त्याच्याकडे राहिले तेवढे त्याच्या मोबदल्यातून हप्त्याने घ्या. जेवढे पोरांना पोचले त्याची नोंद त्यांच्या वहीत, वरच्या अटींवर. आणि त्या दोघांना दिवाळीला जाऊ द्या, पूर्ण पगार आणि बोनस हातात देऊन.

मागच्या दिवाळीला माझ्याकडची नऊ माणसं गावी गेली. सात परत आली. आठव्याने मार्चमध्ये फोन करून विचारलं, ताई, जागा आहे का. नवव्याकडे माझे साडेचार हजार आहेत.